टेर्वोंचं फुकट मशीन

१

आमच्या गावात दहा माणसांना हात वर करायला लावले तर शंभर बोटं मोजून मिळत नाहीत. मार्टिन म्हाताऱ्याची दोन कमी, चर्चमध्ये पेटी वाजवतो त्या डेनिसचा अंगठा अर्धाच. सगळी बोटं एकाच ठिकाणी गेलीत, बर्फ उडवायच्या मशीनच्या तोंडात. ओला बर्फ पात्यांत अडकतो, माणूस इंजिन बंद करतो, आता काय घंटा होतंय म्हणून हात घालतो. पण आतल्या रबरी पट्ट्यात ताण उरलेला असतो. अडकलेलं सुटतं आणि पातं अर्धा फेरा मारतं. अर्ध्या फेऱ्यात काम होऊन जातं.

आमचं घर याच मशीनवर चालतं. सुपीरियर सरोवराच्या काठाला आमचं मिशिगन संपतं, तिथे नोव्हेंबरपासून वीस फूट बर्फ पडतो. कुणाचंही मशीन बिघडलं, टाकून दिलं, की पपा ते उचलून गॅरेजमध्ये आणतो. आम्ही ते खोलतो, गंज काढतो, पट्टे बदलतो, रंग मारतो आणि विकतो. पपाचा नियम एकच. तोंडात काठी घालायची, हात नाही.

मी ऐली पेलकोला. वय सोळा. तेव्हा शाळेत जात नव्हते, कारण शाळेनेच फेब्रुवारीपर्यंत येऊ नको म्हणून सांगितलं होतं. हेडमास्तरांची छोटी गाडी होती. मी ती एका दुपारी मशीनने बर्फात पुरली, वरून नीट डोंगर केला आणि टोकाला गाजर खोचलं. ते दीड तास गाडी चोरीला गेली म्हणून फोन करत होते. मला पश्चात्ताप वगैरे काही नाही. गाजर वाया गेलं तेवढंच.

आई ग्रीन बे शहरात असते, दुसऱ्या नवऱ्याकडे. घरात मी आणि पपा, आणि दोघंही एकाच वळणाचे. माझ्या बुटात त्याने ग्रीस भरायचं, त्याच्या कॉफीत मी मीठ घालायचं. आणि काही झालं तरी विचारायचं नाही की तू केलंस का. आधी विचारेल तो हरला. हरणाऱ्याने आठवडाभर भांडी घासायची. मी हे सांगतेय कारण याच नियमापायी आम्ही सहा दिवस गप्प बसलो.

टेर्वोंच्या फाटकाबाहेर ते मशीन उभं होतं. जुनं, नारिंगी, गाभण म्हशीएवढं जड. दांड्याला पुठ्ठा बांधलेला आणि त्यावर लिहिलेलं, फुकट. ऑगस्टमध्ये आर्नी टेर्वो वारला, आता बाई घर रिकामं करत असेल असं आम्हाला वाटलं. आम्ही फळी लावून ते गाडीत चढवत होतो तेव्हा मिसेस टेर्वो खिडकीत उभी होती. पपाने हात केला. तिने पडदा ओढून घेतला.

"थँक्यू म्हणायचंय का तिला?" मी विचारलं.

"तिला रडायला येत असेल. चल."

२

गॅरेजमध्ये आणून दिव्याखाली बघितलं तेव्हा पपा हसायलाच लागला.

असल्या मशीनच्या दोन्ही मुठींवर एकेक लिव्हर असते. डावी दाबली की चाकं चालतात, उजवी दाबली की तोंडातली पाती फिरतात. सोडलं की सगळं थांबतं. तर त्या दोन्ही लिव्हरांखाली लाकडाच्या पाचरी ठोकलेल्या होत्या आणि वरून तारेचे वीस-पंचवीस वेढे. बर्फ बाहेर फेकायचं वरचं नळकांडं असतं, त्यात ओंडक्याचा तुकडा घट्ट बसवलेला. आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याला भोकं पाडून, आरपार पात्यांमध्ये चार पोलादी बोल्ट घातलेले. सगळे वाकडे. एक तर तीनदा चुकून चौथ्यांदा बसवलेला.

"आर्नी टेर्वोला मी हुशार समजत होतो," पपा म्हणाला. "हे काय केलंय येड्याने?"

"पपा, हे फिरू नये म्हणून केलंय."

"कशाला फिरू नये? बर्फ उडवायचं मशीन आहे बाई, फिरलं नाही तर काय पुजायचंय? गिअर फुटला असणार. पाती खडखडत होती, म्हणून जखडून टाकली."

गिअर फुटलेला नव्हता. आम्ही खोलून बघितला. आत तेलसुद्धा स्वच्छ होतं.

पण पपाचं कसं आहे, बिघडलेली वस्तू समोर आली की त्याला खाज सुटते. बिघाड का झाला हा विचार नंतर. त्याने तार कापली, पाचरी फोडून काढल्या, ओंडका हातोडीने खाली पाडला. बोल्ट कापायला संध्याकाळ गेली. बोल्टांच्या जागी त्याने पात्यांच्या दांड्यावर आपल्या नेहमीच्या मऊ पिना घातल्या, डाव्या पात्याला एक, उजव्याला एक. दगड आला की ही पिन तुटते आणि पुढचं सगळं वाचतं. ती तुटावी म्हणूनच असते.

कार्बोरेटर मी काढला. आत पेट्रोलचा चिकट गूळ झाला होता. तो मी उघडून, एकेक भाग केकच्या साच्याच्या खळग्यात ठेवला. बारा खळगे, बारा भाग. एक रबरी चकती फाटलेली निघाली, ती पोस्टाने मागवली. म्हणजे ती चकती येईपर्यंत ते इंजिन चालूच शकत नव्हतं. पेट्रोलची टाकी रिकामी, कार्बोरेटर साच्यात. हे ध्यानात असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजमध्ये गेले. थंडी अशी की नाकातले केस कडक झालेले. मी मशीन बाजूला ओढायला मुठी धरल्या आणि हात काढून घेतले. रबर गरम होतं. बसमध्ये कुणी उठल्यावर सीट कशी असते, तसं.

पपाने हीटर मुठींजवळ ठेवला असणार, मी म्हटलं. हीटर भिंतीजवळ होता. त्याची वायरसुद्धा काढलेली होती.

३

त्याच आठवड्यात बर्फ परत पडायला लागला. पहिल्या सकाळी गॅरेजच्या दारापासून आठ-दहा फूट एक पट्टा साफ केलेला दिसला. सरळ, काठ सुरीने कापल्यासारखे. आणि तिथेच थांबलेला. मी खिडकीतून बघितलं, पपाकडे बघितलं. तो पाव खात होता.

मी मनात म्हटलं, बुवा, भारी आहे. कार्बोरेटर माझ्या साच्यात आहे हे याला माहीत आहे, म्हणून दुसऱ्या मशीनने हे करून मला घाबरवायला बघतोय. मी पाव पुढे ओढला. जॅम जास्त लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी पट्टा गॅरेजच्या कोपऱ्यावरून वळला होता. तिसऱ्या दिवशी घराच्या भिंतीला लागला. आणि मग तो भिंतीच्या कडेकडेनेच जायला लागला, भिंतीपासून वीतभर सोडून. अंधारात माणूस भिंत चाचपत जातो ना, तसा. प्रत्येक खिडकीखाली तो जरा रुंद व्हायचा. तिथे कुणीतरी मागे-पुढे, मागे-पुढे केलं असावं तसा. माझ्या खिडकीखाली सगळ्यात रुंद होता.

"आज बर्फ बराच पडला," चौथ्या दिवशी पपा म्हणाला आणि माझ्याकडे रोखून बघत राहिला.

"हो ना," मी म्हटलं. "काही काही ठिकाणी कमी पडला."

"असं का?"

"असं वाटलं आपलं."

तो हसला. मीही हसले. दोघांनाही वाटलं की समोरचा फुटायच्या बेतात आहे.

पाचव्या सकाळी मी लवकर उठून बसले, पपाला पकडायचंच म्हणून. उजाडलेलं होतं, सगळं दुधासारखं पांढरं. मागच्या बाजूने आवाज आला. बर्फ उडतो तो आवाज, भस्स भस्स, आणि उडालेला बर्फ मऊ मऊ खाली पडतो तो. एवढाच. इंजिनाचा आवाज नाही. असलं मशीन चालतं तेव्हा तीन घरं पलीकडची कुत्री भुंकतात. इथे माझ्या कानात माझाच श्वास ऐकू येत होता.

मी पायऱ्या उतरून मागच्या दाराशी गेले तोपर्यंत आवाज थांबला. दाराबाहेर पट्टा ताजा होता. गॅरेजमध्ये मशीन जागेवर. तोंडात बर्फ भरलेला, वितळायला अजून सुरुवातही झालेली नाही. साच्यात बारा भाग.

आणि पपा वर घोरत होता. ते मला ऐकू आलं. पण मी स्वतःला म्हटलं, घोरायचं नाटक कुणालाही करता येतं. मी स्वतः सात वर्षांची असल्यापासून करते.

४

आमच्या कोंबड्या चार होत्या. मागच्या कुंपणाशी लाकडी खुराडं, वर पत्रा. सहाव्या दिवशी दुपारी पपा पोस्टात ती चकती आणायला गेला आणि मी सोफ्यावर झोपले. उठले ते दोनच्या सुमाराला. दुधाचा ग्लास घेऊन मागच्या खिडकीशी आले.

पट्टा खुराड्यापर्यंत गेला होता. थांबला नव्हता. खुराड्याच्या एका भिंतीतून आत आणि दुसऱ्या भिंतीतून बाहेर.

मशीन बर्फ फेकतं तेव्हा तो कमानीसारखा एका बाजूला पडतो. कुंपणापर्यंत ती कमान पडली होती. आधी पांढरी, मग गुलाबी, मग लाल. त्यात फळ्यांच्या चिरफाळ्या. एक पिवळा पाय आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर लटकत होता आणि त्याची नखं अजून उघडत होती, मिटत होती. चारही कोंबड्या होत्या, पण कुठली कुठे ते सांगता येण्यासारखं नव्हतं. पिसं अजून खाली येत होती. सावकाश, वारा नसल्यामुळे सरळ.

मी दुधाचा ग्लास हातात धरून तशीच उभी होते तेव्हा पपाची गाडी आली. तो खिडकीशी आला आणि त्यानेही बघितलं.

"ऐली," तो म्हणाला, "ही खोडी नाहीये."

"तूच आधी विषय काढलास. तू हरलास," असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण त्याचा चेहरा बघून मला कळलं की तो खेळत नाहीये. म्हणजे तो कधीच खेळत नव्हता.

"मी नाही केलं, पपा."

"गाडी पुरणारी तूच. मग हे कोण करणार?"

"मला वाटलं तू करतोयस. सहा दिवस मला वाटतंय की तू करतोयस."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खोटं कधी बोलते ते त्याला कळतं, माझे कान हलतात. मग त्याने खिशातून टेप काढली आणि बाहेर जाऊन पट्टा मोजला. अठ्ठावीस इंच. गॅरेजमध्ये जाऊन मशीनचं तोंड मोजलं. अठ्ठावीस. पात्यांमध्ये रक्त गोठून काळपट झालेलं होतं, त्याला बारीक पिसं चिकटलेली. दोन्ही मऊ पिना शाबूत. पपाने साचा उचलला, एकेक भाग बोटाने हलवून बघितला. मग परत पहिल्यापासून.

"कुणीतरी त्याच मापाचं दुसरं मशीन घेऊन येतोय," तो म्हणाला.

"आणि कोंबड्यांचं रक्त या मशीनला येऊन लावतोय?"

"गप्प बस."

"पाऊलखुणा कुठायत मग? येतो तर जातो कुठून?"

"गप्प बस म्हटलं ना, ऐली. गाडीत बस."

५

मिसेस टेर्वोने दार अर्धंच उघडलं. आत या म्हणाली नाही.

"बर्निस, ते मशीन," पपा म्हणाला. "त्याच्याबद्दल जरा विचारायचं होतं."

"भंगारात टाकलंत ना?"

पपाने बुटांवरचा बर्फ झटकला.

"पेलकोला," ती म्हणाली, "तू ते भंगारात टाकलंस ना?"

"मी दुरुस्त केलं."

बाई दाराच्या चौकटीला टेकली.

"सगळं काढलंस? तार? बोल्ट?"

"हो. वेडंवाकडं बसवलं होतं, म्हणून..."

"वेडंवाकडं. तू एका हाताने ड्रिल धरून पोलादात भोक पाडून दाखव, मग बोल. तीन हिवाळे लागले आर्नीला ते सगळं बसवायला. एकेक बोल्ट. मी दिवा धरून उभी राहायचे."

आर्नी टेर्वोला एकच हात होता हे मला माहीत नव्हतं. त्याला कोट खांद्यावर टाकूनच बघितलं होतं नेहमी. पपाला माहीत होतं, पण गावात कुणाचा हात गेला म्हणून कोण विचारत बसतं.

"तुम्ही लिहायचं होतं ना त्या पुठ्ठ्यावर," मी म्हटलं. "फुकट काय लिहिता?"

"काय लिहू? तू सांग. काय लिहिलं असतं म्हणजे तुझ्या बापाने हात लावला नसता?"

काहीही लिहिलं असतं तरी पपाने नक्कीच हात लावला असता.

"ते काय आहे, बर्निस?" पपाने विचारलं.

"मला माहीत नाही. आर्नीने बघितलं होतं एकदा. मला कधी सांगितलं नाही." तिने दार ओढायला सुरुवात केली. "घराच्या कडेने जायला लागलंय का?"

"हो."

"मग इथे का उभे आहात?"

६

परत आलो तेव्हा बर्फ जोरात पडत होता. दिवस होता, पण पाच पावलांपलीकडे सगळं पांढरं. पपाने गॅरेजचं मोठं दार वर केलं, उजेड हवा म्हणून. मशीन दाराकडे तोंड करून उभं होतं. आम्ही ते तसं ठेवलं नव्हतं.

"आधी बोल्ट," पपा म्हणाला. "जुनी भोकं आहेतच. मग तार. मग उद्या सकाळी गाडीत घालून सरळ भंगारवाल्याकडे, माझ्या डोळ्यांसमोर चेपायचं."

"आत्ताच नेऊ."

"या बर्फात? वाटेत अडकलो तर ते मशीन आणि आपण, एका गाडीत. लिव्हरी धर. दाबल्या जाऊ द्यायच्या नाहीत. दोन मिनिटांचं काम आहे."

मी मागे उभी राहिले आणि दोन्ही हातांची बोटं लिव्हर आणि मूठ यांच्या मधे घातली. म्हणजे माझी बोटंच पाचर. मुठी गरम होत्या. पपा मशीनच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला, पाठीमागे उघडं दार आणि बर्फ. त्याने काठी घालून पातं फिरवायला बघितलं, भोकासमोर भोक आणायला. काठीने जमेना. अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे.

"धरलंयस ना?"

"धरलंय."

त्याने उजवा हात आत घातला.

मी त्याला कधी तसं करताना बघितलं नव्हतं. माझ्या आख्ख्या आयुष्यात नाही. त्याने डोळे मिटले होते, चेहरा बाजूला वळवला होता, आणि बोटांनी चाचपत होता. एक बोल्ट बसला. नट लागला. मला हायसं वाटलं. नाक गळत होतं. मी उजवा हात काढून नाक पुसलं.

एवढंच. तेवढ्यात लिव्हर खाली गेली.

आवाज फारसा नाही आला. ओली फांदी मोडते तसा, आणि नवीन बसवलेल्या बोल्टने पत्रा फाडल्याचा. पपा ओरडला नाही. त्याने एकदम आत श्वास घेतला आणि तो बाहेर सोडायचं विसरला. मी चारही बोटं परत लिव्हरखाली कोंबली आणि वर उचलायला लागले. खालून नाही, वरून दाब होता. कुणीतरी अंगाचं सगळं वजन टाकलं होतं. माझं मधलं बोट मोडलं ते मला कळलं, कारण ते मी बघत होते. दुखलं नंतर.

पातं थांबलं. पपाचा हात कोपरापर्यंत आत होता.

"पिन," तो म्हणाला. "ऐली. या बाजूची पिन काढ. पातं सुटं होईल."

"मी सोडलं तर फिरेल."

"मग सोडू नको."

मऊ पिन दगडाला तुटते. माणसाच्या हाडाला तुटत नाही. हाड तिच्याहून मऊ असतं.

हातोडी आणि पिना ठोकून काढायचा लोखंडी पंच माझ्या पायाशी पडले होते. मी बुटाने ते मशीनखालून त्याच्याकडे ढकलले. तो कुशीवर झाला आणि डाव्या हाताने पंच पिनवर टेकवायला लागला. पण पंच धरायला एक हात आणि हातोडी मारायला दुसरा लागतो. त्याने पंच दातांत धरला. पहिला घाव दातांवर बसला. दुसरा पण. तोंडातून रक्त, खालून रक्त, गॅरेजच्या उताराने ते दाराकडे वाहत होतं आणि बर्फाला लागलं की वाफ निघत होती. मी मोजत होते. काहीतरी मोजायला हवं होतं. अकराव्याला पिन बाहेर आली.

पातं सैल झालं. त्याने स्वतःला मागे ओढलं. कोपराच्या खाली जे बाहेर आलं त्याला मी हात म्हणणार नाही. बाही होती, आणि बाहीत काहीतरी.

त्याने डाव्या हाताने कमरेचा पट्टा सोडला, दंडाला घातला, एक टोक दातांत धरून आवळला. दात जेवढे उरले होते तेवढ्यांत. मग भिंतीला धरून उभा राहिला आणि "ये" म्हणायला माझ्याकडे वळला.

पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या मागे बघत होता. जरा वर.

मशीनने हात खाल्ला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

"ऐली," तो अगदी हळू म्हणाला. मी लहान असताना ताप आला की बोलायचा, तसं. "मागे बघू नको. धरून ठेव. मी फोन करतो आणि येतो. मागे बघायचं नाही. कळलं?"

"पपा, कोण आहे?"

"धरून ठेव, बाळ."

तो भिंतीच्या कडेने घराकडे गेला, त्याच पट्ट्यातून. मशीनचं तोंड त्याच्या पाठीकडे होतं. डावी लिव्हर, चाकांची, आता तीही दाबली जायला लागली. मी सोडली असती तर ते त्याच्या मागे गेलं असतं. मी सोडली नाही.

वाऱ्याने बर्फाचा भुगा उघड्या दारातून आत आला आणि मशीनवर बसायला लागला. टाकीवर बसला, नळकांड्यावर बसला. माझ्या हातांवर बसला नाही. माझ्या हातांच्या बोटभर वर, हवेत बसला. आधी एक ओळ. मग बोटांच्या सांध्यांसारखे चार उंचवटे, दुसऱ्या मुठीशी चार. मग मनगटं. माझ्या दोन्ही बाजूंनी दोन हात माझ्या मागून येत होते आणि बर्फ त्यांच्यावर वरवर चढत होता, कोपरापर्यंत, पुढे. मी डोळे मिटले. खांद्यापर्यंत चढला असेल तेव्हा मी बघत नव्हते.

आधी रस्ता साफ करणारी गाडी आली, मग अँब्युलन्स. चाळीस मिनिटं लागली म्हणाले. लाल दिवे गॅरेजच्या भिंतीवर फिरायला लागले आणि वरचा दाब गेला. माझ्या ताकदीने नाही गेला. सोडून दिल्यासारखा गेला, इथलं काम झालं, आता दुसरीकडे बघू, तसा.

७

मशीन चेपलं. पपाचा मित्र ओव्हने स्वतः नेलं आणि त्याची पेटीएवढी वीट होताना समोर उभा राहून बघितलं. कुठे काही झालं नाही. नुसतं लोखंड होतं, म्हणाला.

पपाचा हात कोपराच्या वर कापला. समोरचे चार दात नवीन बसवले. माझी तीन बोटं वाकडी जोडली गेलीत, हेडमास्तरांना कुठलं बोट दाखवतेय ते त्यांना आता कळणार नाही, असं मी पपाला म्हटलं. तो हसला नाही. मी त्याच्या सुपात मीठ घातलं, त्याने तसंच पिऊन टाकलं.

नाक पुसल्याचं मी त्याला सांगितलं. दवाखान्यातच सांगितलं. तो म्हणाला, त्याने काही फरक पडला नसता. मग म्हणाला, तू धरून ठेवलंस म्हणून मी दारापर्यंत पोचलो. हे बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या डोक्याच्या वर, छताकडे बघत होता. मला वाटलं, औषधांमुळे.

आता मार्च आलाय. पपा डाव्या हाताने जेवायला शिकलाय. समोरासमोर बसतो आम्ही, स्वयंपाकघरात, दुपारचं ऊन टेबलावर येतं. माझ्याशी बोलताना तो अजूनही माझ्याकडे बघत नाही. पण आता छताकडेही बघत नाही. जानेवारीत तो माझ्या मागच्या कपाटाकडे बघायचा. गेल्या महिन्यात माझ्या केसांकडे. आता माझ्या डाव्या कानाशी बघतो.

"काय आहे?" मी विचारते.

"काही नाही. जेव."

काल जेवताना तो मधेच उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्या खांद्यावरून काहीतरी झटकलं. दोनदा. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मी खाली बघितलं. फरशीवर, उन्हात, चमचाभर बर्फ पडला होता. खिडक्या बंद होत्या. तो वितळत नव्हता.